पाच फूट पाणी

२०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारनं गॅझेटात छापून जाहीर केलं की दुधाच्या टाक्यांना यापुढे तेलगळतीचे नियम लागू नाहीत. हो, बरोबर वाचलंत. म्हणजे तोपर्यंत, निदान कागदावर तरी, ते लागू होते! तिथल्या कायद्यात 'तेल' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की तिच्यात खनिज तेलाबरोबर वनस्पती तेलं आणि प्राण्यांची चरबीही बसते. दुधात स्निग्धांश असतो, स्निग्धांश म्हणजे प्राण्यापासून आलेली चरबी, आणि चरबी म्हणजे तेल... पुढचं तुम्हीच जुळवा. ओबामांनी २०१२ च्या जानेवारीतल्या संसदेपुढच्या भाषणात यावर सांडलेल्या दुधाचा विनोद करून घेतला होता.

मी हा नियम उघडला तो खरं तर या विनोदासाठीच. कुणीतरी मेलवर पाठवला, म्हटलं बघू तरी काय भानगड आहे. मग शनिवार गेला, रविवार गेला, आणि आता पुढच्या शनिवारी मी हे लिहितोय. सरकारी नियम वाचण्यात वीकेंड घालवणारा माणूस म्हणून घरात माझी काय किंमत झालीय ते विचारू नका :)

नियमाचं नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर 'गळती टाळणे, रोखणे आणि आवरणे', आणि तिकडे सगळे त्याला एसपीसीसी म्हणतात. जमिनीवरच्या टाक्यांमध्ये मिळून १,३२० गॅलनांपेक्षा (साधारण पाच हजार लिटर) जास्त तेल साठवत असाल आणि सांडलं तर ते एखाद्या नदीनाल्यात जाण्याची शक्यता असेल, तर तुम्हाला हा नियम लागू. १,३२० हा आकडा कुठून आला असेल याचा मी बराच वेळ विचार करत होतो. ५५ गॅलनांचे २४ ड्रम म्हणजे बरोबर १,३२०. त्यांनी तो असाच काढला असं माझं म्हणणं नाही, पण डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला बरं. गॅरेजच्या मागे दोन डझन पिंपं रचून ठेवलेली असली की तुम्ही उंबरठ्यावर पोचलात. आणखी एक पिंप आणलंत की आत.

मग काय करायचं? एक लेखी योजना करायची. कुठली टाकी कुठे, कशी फुटू शकते, फुटली तर तेल कुठल्या दिशेला वाहील. ती इंजिनियरकडून प्रमाणित करून घ्यायची. टाकीभोवती बांध घालायचा, आणि तो एवढा हवा की सगळ्यात मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी सगळं तेल आत मावेल आणि वर पावसाच्या पाण्यालाही जागा उरेल. त्या बांधाच्या तळाशी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह असतो, तो एरवी बंद ठेवायचा. पाऊस पडून गेला की साठलेल्या पाण्यावर तवंग आहे का ते डोळ्यांनी बघायचं, मगच सोडायचं, आणि सोडल्याची नोंद वहीत करायची.

हा तवंग मला फार आवडला. पाण्यात किती तेल गेलं म्हणजे गुन्हा? १९७० सालापासून अमेरिकेत याचं उत्तर लिटरमध्ये नाही, मिलिग्रॅममध्येही नाही. पाण्यावर तेलाचा थर किंवा चकाकी दिसली की झालं, सरकारला कळवा. लॅब नको, नमुने नकोत, तज्ज्ञांची समिती नको. डोळे असलेला कुठलाही माणूस मोजमाप करू शकतो. पहिल्या पावसात पेट्रोलपंपासमोरच्या डबक्यावर इंद्रधनुष्य दिसतं ना, तेच. (या हिशेबानं मिसळीची प्लेट नदीकाठी धुणं हासुद्धा दखलपात्र प्रकार ठरावा.)

हे सगळं आलं १९६९ च्या धक्क्यातून. जानेवारीत कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या किनाऱ्याजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली, २२ जूनला क्लीव्हलँडमध्ये कायाहोगा नदीनं पेट घेतला. नदीनं पेट घेतला, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा आला, निक्सननं त्यावर नकाराधिकार वापरला, संसदेनं तो झुगारून कायदा केलाच. त्याच कायद्याच्या एका पोटकलमाखाली ईपीएनं, म्हणजे तिकडच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, ११ डिसेंबर १९७३ ला हा नियम प्रसिद्ध केला आणि १० जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला.

म्हणजे आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती घडली तेव्हा नियम चौदा वर्षांचा होता. नियम नव्हता म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही.

पिट्सबर्ग म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना कार्नेगी मेलन आठवतं आणि तिथे एमएस करणारा कुणीतरी मित्र. शहर तीन नद्यांचं आहे. अ‍ॅलेगेनी उत्तरेकडून येते, मोनोंगाहेला दक्षिणेकडून, दोघी शहराच्या मधोमध भेटतात आणि तिथून पुढे ओहायो नदी सुरू होते. आपल्या मुळा-मुठेसारखंच, फक्त मुळा-मुठा नाव जोडून घेतात आणि या दोघी नाव सोडून देतात. मोनोंगाहेलाच्या काठानं वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेनं, साधारण पंचवीस मैलांवर फ्लोरेफ नावाची छोटी वस्ती आहे. तिथे अ‍ॅशलँड ऑइल कंपनीचं तेलाचं आगार होतं.

कंपनीला तिथे एक मोठी टाकी हवी होती. १२० फूट व्यासाची, ४८ फूट उंच, साधारण ४० लाख गॅलन मावतील अशी. नवी बांधण्याऐवजी त्यांनी एक जुनी टाकी आणली. क्लीव्हलँडमध्ये चाळीस वर्षं उभी असलेली टाकी पत्रा पत्रा कापून सुटी केली, फ्लोरेफला आणली आणि पुन्हा जोडली. (क्लीव्हलँड! नदी पेटली तेच गाव. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.)

सेकंडहँड टाकी वापरणं हा काही गुन्हा नव्हे. आपणही जुना कोड उचलून नव्या प्रॉडक्टमध्ये टाकतोच की. प्रश्न असतो तो पुढच्या पायरीचा.

तेलाची टाकी बांधून झाली की ती पूर्ण पाण्यानं भरून बघायची अशी पद्धत आहे. आपल्याकडे गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की कंत्राटदार चारी बाजूंनी विटा लावून पाणी साठवून ठेवतो, खालच्या मजल्यावरचे छताकडे बघत बसतात, तसंच. पण टाकीच्या बाबतीत यात एक सुरेख गंमत आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर डिझेल साधारण साडेआठशे ग्रॅम. म्हणजे काठोकाठ पाणी भरलं की टाकीवर पुढे कधीही येणार नाही एवढा ताण आधीच येऊन जातो. आणि फुटलीच तर सांडणार काय? पाणी. याहून स्वस्त आणि सुरक्षित लोड टेस्ट मला तरी आमच्या धंद्यात माहीत नाही.

अ‍ॅशलँडनं टाकीत पाणी भरलं. साधारण पाच फूट. अठ्ठेचाळीसपैकी पाच.

चाळीस लाख गॅलन पाणी आणायचं, भरायचं, मग ते कुठेतरी सोडायचं, यात वेळ जातो, पैसा जातो. सांधे तपासायच्या दुसऱ्या पद्धती आहेतच, त्यातली एखादी केली की चालतं असा युक्तिवाद असतो. आणि बाकीच्या टाक्या उभ्या आहेतच की इतकी वर्षं! हा संवाद कुठल्या मीटिंगमध्ये झाला असेल ते मला माहीत नाही, पण तो कसा झाला असेल हे सांगायला मला तिथे हजर असण्याची गरज नाही. एका जुन्या प्रोजेक्टवर आमच्या क्लायंटनं (नाव सोडून द्या) शंभर युजरवर टेस्ट करून 'दहा हजारांना चालेल' असं लिहून घेतलं होतं. कागदावर सही झाली की शंभर आणि दहा हजार यांतला फरक नाहीसा होतो, हा अनुभव बहुतेक तुम्हालाही असेल.

२ जानेवारी १९८८. शनिवार, नव्या वर्षाचा पहिला वीकेंड, संध्याकाळचे पाच वाजत आलेले, बाहेर तापमान गोठणबिंदूच्या खाली. टाकी पुन्हा उभी केल्यापासून पहिल्यांदाच काठोकाठ भरली जात होती. आत ३८-३९ लाख गॅलन, म्हणजे दीड कोटी लिटरच्या आसपास डिझेल. आणि टाकी फुटली. गळली नाही, चिरली नाही, वरपासून खालपर्यंत उभी फाटली आणि सगळं डिझेल एकदम बाहेर आलं.

नंतर सरकारी मानक संस्थेच्या धातुतज्ज्ञांनी तुकडे तपासले. भेग जिथून सुरू झाली ती जागा तळापासून सुमारे आठ फुटांवर होती. एक बारीकसा दोष, आपल्या जुन्या दहा पैशाएवढाही नाही. तो पुनर्बांधणीत झालेला नव्हताच, मूळ टाकी बांधली तेव्हापासून गॅस कटरच्या खुणेच्या रूपात पत्र्यात बसून होता. चाळीस वर्षं क्लीव्हलँडमध्ये त्यानं कुणाला त्रास दिला नाही. त्या काळचं पोलाद थंडीत ठिसूळ होतं. हेही काही नवं ज्ञान नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंग करून घाईघाईनं बांधलेली जहाजं अशीच मोडली होती, आणि १६ जानेवारी १९४३ ला 'स्केनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला उभ्या उभ्या दुभंगलं होतं. थंडी, जुनं पोलाद, वेल्डिंगचा सांधा आणि बारीक दोष, हे चौघं एकत्र आले की काय होतं हे इंजिनियरांना तेव्हापासून माहीत होतं.

आठ फुटांवर दोष आणि पाच फूट पाणी. मी हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसलो होतो. चाचणीचं पाणी त्या दोषापर्यंत पोचलंच नव्हतं.

आता बांधाकडे या. बांध होता. नियमानुसार होता. पण नियमातलं गणित शांत पाण्याचं आहे. टाकीतलं तेल हळूहळू बांधात उतरलं तर मावेल का, तर हो, मावेल. दीड कोटी लिटर डिझेल एका क्षणात अठ्ठेचाळीस फुटांवरून कोसळतं तेव्हा ते साठत नाही, धावतं. लाट शेजारच्या टाक्यांवर आदळली, बांधावरून उडाली. बरंचसं डिझेल आत राहिलंही, पण जे बाहेर पडलं ते शेजारच्या वीज कंपनीच्या जागेत गेलं, तिथे पावसाळी पाण्याचं गटार होतं, आणि गटाराचं तोंड नदीत. साडेसात लाख गॅलन डिझेल अशा तऱ्हेनं मोनोंगाहेलात उतरलं. या सगळ्या गोंधळात माणूस एकही मेला नाही, आणि ठिणगीही पडली नाही. जवळच्या टाक्यांमध्ये पेट्रोलही होतं हे लक्षात घेतलं तर याला नशीबच म्हणायचं.

नदीवरचं तेल अडवायचं म्हणजे तरंगत्या दोऱ्या टाकायच्या आणि वरचा थर शोषून घ्यायचा. तेल वर तरंगतं या एका गोष्टीवर सगळा खेळ. पण मोनोंगाहेलावर नौकानयनासाठी ओळीनं बंधारे आहेत. तेल बंधाऱ्यावरून खाली कोसळलं की घुसळलं जातं आणि पाण्यात खालपर्यंत मिसळतं. ताक झाल्यावर लोणी हातात येतं, इथे उलट. त्यात रात्र, त्यात बर्फ, त्यात जोराचा प्रवाह. नदीकाठच्या बऱ्याच गावांचं पाणी नदीतूनच येतं, आणि पाणी उचलणारे पाइप असतात पृष्ठभागाच्या खाली. पिट्सबर्गच्या उपनगरांमध्ये हजारो घरांचे नळ बंद झाले, ऐन थंडीत लोक बादल्या घेऊन टँकरसमोर रांगेत उभे राहिले. अमेरिकेत, १९८८ साली. तवंग ओहायो नदीत उतरला आणि पुढे सरकत राहिला. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया मिळून दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत काही काळ नासला.

इथे या गोष्टीतला मला सगळ्यात विचार करायला लावणारा माणूस येतो. जॉन हॉल, अ‍ॅशलँडचे अध्यक्ष. वकिलांचा सल्ला असतो तो अशा वेळी काय असतो ते आपण जाणतोच, तोंड उघडू नका. हॉल तीन दिवसांत पिट्सबर्गला आले, पत्रकारांसमोर उभे राहिले आणि सांगून टाकलं की टाकी चाळीस वर्षं जुन्या पोलादाची होती, बांधकामाचा लेखी परवाना हातात नव्हता, आणि पूर्ण पाणी भरून चाचणी केलेली नव्हती. माफी मागितली, साफसफाईचा खर्च कंपनी देईल असं सांगितलं. बिझनेस स्कूलांमध्ये आजही हे 'संकटात कसं वागावं' याचं उदाहरण म्हणून शिकवतात. कंपनीवर फौजदारी खटला झाला, साडेबावीस लाख डॉलरचा दंड झाला, पण तिचं नाव मात्र बऱ्यापैकी वाचलं.

मला हॉल आवडतात, खोटं कशाला बोलू. पण बिझनेस स्कूलवाल्यांचं मला पटत नाही. ते गोष्ट पत्रकार परिषदेपासून सुरू करतात. ज्या तीन गोष्टी हॉलनी कबूल केल्या त्या तिन्ही टाकी भरण्याआधी कंपनीत कुणा ना कुणाला माहीत होत्या.

आणि आता थोडं मागे जाऊ, कारण पाच फुटांवर हसण्याआधी सहा इंचांची गोष्ट ऐकायला हवी. बॉस्टन, १९१५. पहिलं महायुद्ध चालू, दारूगोळ्यासाठी अल्कोहोल हवं, अल्कोहोलसाठी मळी हवी. (साखर कारखान्यातून निघते ती मळी. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना वासासकट आठवेल.) कंपनीनं बंदरालगत भर वस्तीत ५० फूट उंच आणि ९० फूट व्यासाची टाकी उभारली. काम ज्यांच्याकडे दिलं ते आर्थर जेल कंपनीचे खजिनदार. इंजिनियर नाहीत, नकाशा वाचता येत नव्हता. मळीचं जहाज यायची तारीख डोक्यावर आलेली, म्हणून पूर्ण पाणी भरून बघायला वेळ नव्हता. सहा इंच पाणी भरलं, गळलं नाही, पास.

टाकी पहिल्यापासून गळत होती. आसपासची पोरं डबे घेऊन येत आणि पाझरणारी मळी भरून नेत. तक्रारी झाल्यावर कंपनीनं काय केलं असेल? टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसणार नाहीत. हा मी रंगवून सांगत नाहीये, त्यांनीच रंगवली होती! १५ जानेवारी १९१९ ला टाकी फुटली. तेवीस लाख गॅलन मळीची लाट ताशी पन्नासेक किलोमीटरच्या वेगानं रस्त्यावरून गेली. २१ माणसं मेली, दीडशे जखमी झाली. कंपनीनं अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला असा दावा केला. सुनावणी वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी न्यायालयानं नेमलेल्या ह्यू ऑग्डेन यांनी निकाल दिला की बॉम्ब वगैरे काही नाही, पत्राच पुरेसा जाड नव्हता.

आणि गंमत बघा, मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. म्हणजे जेलसाहेबांनी टाकी काठोकाठ पाण्यानं भरली असती तरी ती चाचणी प्रत्यक्षातल्या भारापेक्षा हलकीच ठरली असती.

या घटनेनंतर बॉस्टननं बांधकामाचे नकाशे आणि हिशेब इंजिनियरच्या सही-शिक्क्यानिशीच दाखल करायचं बंधन घातलं. एसपीसीसीच्या योजनेवर इंजिनियरची सही लागते, ती याच घराण्यातली.

परत फ्लोरेफला. अपघातानंतर लगेच नियमाची चिरफाड सुरू झाली. १९७४ च्या मजकुरात टाक्यांची वेळोवेळी तपासणी करा असं लिहिलेलं होतं, पाणी भरून चाचणीचाही उल्लेख होता. पण क्रियापद होतं 'करावी'. 'केलीच पाहिजे' नव्हे. इथे मी खुर्चीत ताठ बसलो! आमच्या धंद्यात इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहिताना 'मस्ट' म्हणजे काय आणि 'शुड' म्हणजे काय हे ठरवणारं आख्खं एक दस्तऐवज आहे, आरएफसी २११९, साल १९९७. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर न करण्याची मुभा. आणि सबळ कारण कुणाकडे नसतं? चौदा वर्षं कंपन्या 'करावी' हे 'जमलं तर बघू' असं वाचत होत्या.

पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९८९ च्या जुलैत स्वतःचा टाक्यांचा कायदा करून टाकला. तोवर मार्चमध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाज खडकावर चढलं होतं, आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये आला तेलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा. त्याखाली १९९४ पासून मोठ्या आगारांना 'सगळ्यात वाईट ते झालं तर' अशी योजना तयार ठेवणं सक्तीचं झालं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं १९९१ मध्ये जुन्या टाक्यांची तपासणी, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांचं वेगळं मानक काढलं, क्रमांक ६५३. उद्योगाची मानकं सरकारी नियमांच्या आधी आली, हे नोंदवून ठेवायला हवं. विमा कंपनी विचारते म्हणून का होईना.

आणि मूळ एसपीसीसी? सुधारणेचा मसुदा १९९१ च्या ऑक्टोबरात आला. अंतिम नियम आला २००२ च्या जुलैत. 'करावी'चं 'केलीच पाहिजे' व्हायला अकरा वर्षं लागली. त्याच नियमात फ्लोरेफच्या नावानं, म्हणजे नाव न घेता, एक कलम घातलं गेलं: जागेवर बांधलेल्या टाकीची दुरुस्ती, फेरबदल किंवा पुनर्बांधणी केली तर पोलाद ठिसूळपणानं तुटण्याचा धोका तपासलाच पाहिजे. मग मुदतवाढ सुरू झाली. एक, दोन, तीन... बहुतेकांसाठी शेवटची तारीख ठरली १० नोव्हेंबर २०११, शेतकऱ्यांसाठी त्याहून पुढे, २०१३. फ्लोरेफच्या रात्री जन्मलेलं मूल २०११ मध्ये तेवीस वर्षांचं झालेलं होतं. आमच्याकडे रिलीज दोन स्प्रिंट पुढे गेला की मॅनेजर घसा कोरडा करतो.

दुधाची सूट याच खटपटीतली. सुरुवातीला मी हसलो होतो, आता तितकंसं हसू येत नाही. व्याख्या ऐसपैस होती म्हणून दूध सापडलं हे खरं, पण अरुंद व्याख्येनं काय होतं तेही बघा.

९ जानेवारी २०१४, वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी चार्ल्सटन. एल्क नदीच्या काठावर फ्रीडम इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीचं साठवणीचं आगार. तिथल्या एका जुन्या टाकीचा तळ गंजून भोकं पडली होती. त्यातून कोळसा धुवायला वापरतात ते एमसीएचएम नावाचं रसायन झिरपलं, भोवतीच्या तडे गेलेल्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर पडलं आणि नदीत गेलं. सुमारे दहा हजार गॅलन. पाणी उचलायची जागा खाली जेमतेम दीड मैलावर. तीन लाख लोकांना सांगण्यात आलं की नळाचं पाणी पिऊ नका, त्यात अंघोळ करू नका, कपडेही धुऊ नका. आठवडाभरानं, १७ जानेवारीला, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे माफी मागायला कुणी जॉन हॉल नव्हता.

ते आगार आधी पेनझॉइलचं होतं, तेलाचं. तेल होतं तेव्हा तेलाचे नियम होते. नंतर टाक्या त्याच, नदी तीच, भिंत तीच, फक्त आतला द्रव बदलला. एमसीएचएम हे तेल नव्हे.

राज्यानं दोन महिन्यांत जमिनीवरच्या टाक्यांचा कायदा केला आणि २०१५ मध्ये तोच कायदा दुरुस्त करून बऱ्याच टाक्या त्यातून वगळल्या. केंद्रात प्रकरण वेगळ्याच वळणानं गेलं. १९७२ च्या ज्या पोटकलमातून एसपीसीसी जन्माला आला, त्यात शब्द आहेत 'तेल आणि घातक पदार्थ'. तेलाचा नियम वर्षभरात झाला. घातक पदार्थांचा मसुदा १९७८ मध्ये निघाला आणि कधीच पूर्ण झाला नाही. चार्ल्सटननंतर, २०१५ मध्ये, पर्यावरणवादी संस्थांनी त्यासाठी ईपीएवर दावा लावला, २०१६ मध्ये तडजोड झाली की संस्था याचा विचार करेल. विचार झाला. २०१९ च्या सप्टेंबरात ईपीएनं अंतिम निर्णय छापला की सध्याचे इतर नियम पुरेसे आहेत, नव्या नियमाची गरज नाही. पुढे २०२४ मध्ये मोठ्या साठ्यांसाठी घातक पदार्थ सांडल्यावर काय करायचं याचा एक नियम निघाला, सांडण्याआधीचा नव्हे. तोही लागू होतो स्वच्छ पाण्याच्या कायद्यातल्या घातक पदार्थांच्या यादीला. त्या यादीत एमसीएचएम नाही.